दाद नसलेले कर्तव्य

साशंक : आपल्या राज्यघटनेचा चौथा भाग, म्हणजे ३६ पासून ५१ पर्यंतची कलमे, मी जेव्हा जेव्हा वाचावयास घेतो तेव्हा ३७ व्या कलमापाशी अडखळतो. या भागातील तत्त्वांची अंमलबजावणी कोणत्याही न्यायालयाकडून करवून घेता येणार नाही, असे ते कलम आधी बजावते. आणि लगेच असेही म्हणते की, ही तत्त्वे देशाच्या राज्यकारभारात मूलभूत आहेत व कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ज्याचा भंग झाला असता फिर्याद ऐकून घेणारी एकही कचेरी या देशात नाही, ज्याच्या भंगाबद्दल कोणाला दंड नाही, कोणावर जप्ती नाही, त्याला कर्तव्य म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने? हा आक्षेप माझा नवा नाही. प्रा. के. टी. शहा यांनी तो घटना समितीतच घेतला होता. बँकेला सवड होईल तेव्हा, आणि तिच्या तिजोरीत शिल्लक असेल तरच, वटणाऱ्या धनादेशाची उपमा त्यांनी या तत्त्वांना दिली होती, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तर त्याहूनही जहाल शब्द वापरले होते. म्हणजे ज्या सभागृहाने हा भाग संमत केला, त्या सभागृहालाच त्याच्या मोलाविषयी खात्री नव्हती. मग आपण त्याचे गोडवे का गावे?

आस्थावान : सभागृहात शंका निघाली याचा अर्थ सभागृहाला खात्री नव्हती असा होत नाही, शंका ऐकून घेऊनही त्याने हा भाग ठेवला, एवढाच होतो. तो का ठेवला हे पाहावयाचे तर त्या काळच्या परिस्थितीकडे पाहिले पाहिजे. हक्क दोन जातींचे असतात, काही न्यायालयाकडून बजावून घेता येणारे आणि काही तसे न येणारे, ही कल्पना १९४५ च्या सप्रू समितीच्या अहवालात आली होती, आणि घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी १९३७ च्या आयरिश राज्यघटनेतील नमुना समितीपुढे ठेवला होता. या विभागणीच्या मुळाशी एक साधा व्यवहार आहे. सरकारने माझ्या तोंडावर हात ठेवू नये, मला विनाचौकशी कैदेत टाकू नये, हे हक्क सरकारला थांबवून राखता येतात, आणि थांबवण्याचा हुकूम न्यायाधीश आज दुपारीही काढू शकतो. पण प्रत्येक मुलाला शाळा, प्रत्येक मजुराला निर्वाहवेतन, प्रत्येक बाळंतिणीला साहाय्य, यांसाठी पैसा लागतो, माणसे लागतात, इमारती लागतात, वर्षे लागतात. फाळणीच्या आगीतून नुकत्याच निघालेल्या देशाच्या तिजोरीवर असे हुकूमनामे सोडून न्यायालयाने काय साधले असते? पहिल्याच वर्षी ते हुकूम कागदावर राहिले असते आणि त्यांच्यासह न्यायालयाचा दराराही गेला असता. म्हणून डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये समितीला सांगितले ते असे, की सत्ता कोणाच्याही हाती जावो, तिचा मनमानी वापर करण्यास तो मोकळा नाही. या तत्त्वांचा त्याने मान राखला पाहिजे, आणि न राखल्यास न्यायालयापुढे नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढे त्याला जाब द्यावाच लागेल.

साशंक : डॉ. आंबेडकरांची साक्ष तुम्ही काढलीत हे बरे झाले, कारण ती तुम्हाला वाटते तितकी एकेरी नाही. याच्या अवघ्या दीड-दोन वर्षे आधी, १९४७ मध्ये, अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी जे निवेदन सिद्ध केले, त्यात शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी स्पष्ट मागणी होती. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही सारी आर्थिक रचना घटनेच्या कायद्यानेच निश्चित करावी, आज आलेल्या बहुमताने बांधावी आणि उद्याच्या बहुमताने मोडावी अशी ती ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. बहुमतावर विसंबून राहिले तर दुबळ्याच्या पदरी काय पडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? तेव्हा १९४८ चे त्यांचे समर्थन मला, जे हवे होते ते मिळाले नाही म्हणून जे मिळाले त्याची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे वाटते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० रोजी प्रवेश करणार आहोत, हा इशारा त्यांनीच दिला. चौथ्या भागाने ती विसंगती मिटेल असा भरवसा त्यांना असता, तर हा इशारा देण्याचे प्रयोजन काय होते?

आस्थावान : इशारा आणि भरवसा ही एकमेकांची वैरी नाहीत, ज्याला काही सिद्धीस न्यावयाचे असते तोच इशारा देतो. १९४७ चे निवेदन एका पक्षाचे मागणीपत्र होते. १९४८ मध्ये तेच गृहस्थ साऱ्या देशाच्या मसुद्याची जबाबदारी वाहत होते, आणि या दोन भूमिकांत फरक पडणे मला लबाडीचे वाटत नाही. शिवाय एक प्रसंग तुम्ही वगळलात. भारत हे 'समाजवादी' राज्य राहील असे शब्द घटनेत घालावेत, अशी दुरुस्ती तुमच्याच प्रा. शहांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये आणली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावयाचे असते, ते घटनेनेच ठरवून टाकले तर लोकशाहीचा प्राणच जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. संपत्तीचा संचय मूठभरांच्या हाती होऊ नये, समाजाची भौतिक साधने सर्वांच्या हितासाठी वाटली जावीत, हे मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहेच, याकडे त्यांनी बोट दाखवले. म्हणजे पोहोचावयाचे कोठे हे ठरलेले, आणि कोणत्या वाटेने हे प्रत्येक पिढीने ठरवावयाचे. लोकशाही आणि न्याय या दोहोंनाही राखावयाचे असेल तर याहून निराळी व्यवस्था मला सुचत नाही.

साशंक : ठिकाण ठरलेले आहे हेच तर मला मान्य नाही. चौथ्या भागात कोणते ठिकाण आहे? ३९ व्या कलमात संपत्तीचे समन्यायी वाटप आहे, ४० व्यात ग्रामपंचायती आहेत, ४४ व्यात समान नागरी कायदा, ४७ व्यात पोषण, आरोग्य आणि दारूबंदी, ४८ व्यात गोरक्षण. समाजवाद्याने यावे आणि आपले कलम उचलावे, गांधीवाद्याने आपले, हिंदुत्ववाद्याने आपले. यांतले आधी कोणते आणि मागून कोणते, पैसा एकालाच पुरणार असेल तर कोणाला द्यावयाचा, याचा एक शब्दही घटनेत नाही. परिणाम असा की, प्रत्येक सरकार आपल्या सोयीचे तत्त्व निवडते आणि घटनेची आज्ञा पाळल्याचा आव आणते. दारूबंदीचेच पाहा. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्याच कायद्याखाली, आरोग्यरक्षणार्थ म्हणून, पिण्याचा परवाना मिळतो; त्याच कायद्याखाली दुकानांना परवाने मिळतात; आणि राज्य उत्पादन शुल्क खाते त्याच दारूवर तिजोरी भरते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. घटनेचे कलम दोन्ही वेळी तेच होते. उलट, न्यायदान आणि कारभार एकमेकांपासून विलग करावेत हे ५० वे कलम मुंबई राज्याने १९५१ मध्येच कायदा करून मार्गी लावले, कारण त्याला खर्च थोडा होता आणि कोणा धनिकाचे त्यात काही जात नव्हते. निर्वाहवेतनाच्या ४३ व्या कलमासाठी अशी तातडी कोणी दाखवल्याचे मला स्मरत नाही. स्वस्त तत्त्वे पाळावीत आणि महाग तत्त्वांना हार घालावेत, असाच हा रिवाज आहे.

आस्थावान : सरकारे निवड करतात ही तक्रार खरी, पण निवड करणे हेच तर राजकारणाचे काम, ती निवड कोणी केली आणि कोणाच्या हितासाठी केली हे विचारण्याला आधार हवा, आणि तो आधार चौथा भाग देतो. शिवाय न्यायालयाचे दार या तत्त्वांना कायमचे बंद आहे असे मानणेही बरोबर नाही. १९५१ च्या चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना मूलभूत हक्कांपुढे दुय्यम स्थान दिले हे खरे. पण १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तिसरा आणि चौथा भाग यांतील समतोल हाच घटनेचा पाया असल्याचे सांगितले. पुढे १९८५ मध्ये, मुंबईच्या पदपथांवर झोपड्या बांधून राहणाऱ्यांच्या खटल्यात, त्यांच्याच अध्यक्षतेखालील घटनापीठाने ३९ व्या आणि ४१ व्या कलमांच्या प्रकाशात २१ वे कलम वाचले आणि जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे असा निर्णय दिला. ज्या तत्त्वाची दाद मागता येत नाही असे तुम्ही म्हणता, तेच तत्त्व दाद मागता येणाऱ्या हक्काचा अर्थ बदलून टाकते, हा सामर्थ्याचा पुरावा नव्हे काय?

साशंक : त्या निकालाचे शेवटचे पान वाचले आहे का? उपजीविकेच्या हक्काचा उद्घोष झाला, आणि त्यानंतर झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य झाला; सवलत मिळाली ती पावसाळा सरेपर्यंतची, ३१ ऑक्टोबर १९८५ पूर्वी त्या हलवू नयेत एवढी, आणि १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रे ज्यांच्याजवळ होती त्यांना पर्यायी जागेची. पदपथावरच्या बाईच्या पदरात सिद्धांत पडला आणि डोक्यावरचे छप्पर गेले. आणि जेथे या तत्त्वांना खरोखर धार आली, तेथे ती कोणाच्या हाती गेली तेही पाहा. १९७१ च्या २५ व्या दुरुस्तीने ३१-क हे कलम आणले आणि ३९ व्या कलमातील दोन तत्त्वांसाठी केलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या काही आक्षेपांपासून अभय दिले. १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असता, ४२ व्या दुरुस्तीने ते अभय चौथ्या भागातील झाडून सर्व तत्त्वांना लागू केले. जनतेचे कल्याण पुढे करून जनतेचे हक्क मागे सारण्याचा तो मार्ग होता, आणि तुमच्या मिनर्व्हा मिल्सच्या निकालाने तो बंद केला तेव्हाच समतोलाची भाषा आली. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. पागडीने राहणाऱ्या भाडेकरूंपैकी शेकडा सत्तरांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादन करावी, अशी तरतूद १९८६ मध्ये म्हाडाच्या कायद्यात आली आणि तिला ३९ व्या कलमाचा आधार देण्यात आला. त्यावरून निघालेला वाद कोर्टांतून फिरत फिरत नऊ न्यायाधीशांपुढे गेला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. मालकाच्या बाजूने म्हणा, भाडेकरूच्या बाजूने म्हणा, एका वाक्यांशाचा अर्थ लावण्यात एक पिढी गेली, आणि जिन्याला दिलेले टेकू आहेत तेथेच आहेत.

आस्थावान : न्यायालयाच्या मैदानात मी तुमच्याशी फार वेळ झुंजणार नाही, कारण या तत्त्वांचे खरे क्षेत्र ते नाहीच. ते विधिमंडळ आणि तहसील कचेरी यांच्या दरम्यान आहे, आणि तेथे महाराष्ट्रापाशी असे एक उदाहरण आहे की ज्याची नक्कल साऱ्या देशाने केली. ४१ व्या कलमाने कामाच्या हक्काचा उच्चार केला, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मर्यादा सबब म्हणून न स्वीकारता तिचा हिशेब मांडला. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नमुना ४ चा अर्ज द्यावा, तारखेनिशी पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागावा. काम डौलदार नव्हते: खडी फोडणे, नालाबांध घालणे, पाझर तलावाचा भराव उचलणे. पण हजेरीपटावर नाव चढत होते, चौकडीचे माप घेतले जात होते, आणि कामावर येणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा होता. पैसा कोठून आला? शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा कापले जाणारे २०० रुपये आणि फेब्रुवारीतले ३०० हा त्या कराचा आजचा अवतार. त्याला ठाऊक नसेल, पण बालाघाटच्या डोंगरात पाझर तलाव खणणाऱ्या बाईशी घटनेच्या एका कलमाने त्याचा संबंध जोडला आहे. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांच्या रोजगाराची हमी दिली, ती याच वाटेवरून चालून.

साशंक : रोजगार हमीपुढे मी मान लववतो; पण तिच्या यशाचे श्रेय कोणाला, हा प्रश्न मात्र सोडणार नाही. ती चालली ती ४१ व्या कलमामुळे नव्हे. अर्जाचा नमुना ठरलेला होता, पोच होती, मुदत होती, स्वतंत्र कर होता आणि नकार देणारा कारकून कोण हे ठाऊक होते, म्हणून ती चालली. जेथे ती अडली तेथेही नेमकी याच जागी अडली: अर्ज घ्यावयाचा पण पोचेवर तारीख घालावयाची नाही, कारण तारीख पडली की पंधरा दिवस मोजले जाणार. सारी हमी त्या एका तारखेत सामावलेली होती, आणि ती तारीख चौथ्या भागात कोठेही नाही. आणि इच्छा असली तर कलमाचीही गरज लागत नाही, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानात नेला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. त्यांच्यापुढे कोणते मार्गदर्शक तत्त्व होते? उलट ४५ व्या कलमाने चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घालून दिली. साऱ्या चौथ्या भागात मुदत असलेले ते एकच कलम. ती मुदत १९६० मध्ये संपली, आणि शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. तोही केव्हा? २००२ च्या दुरुस्तीने तो विषय चौथ्या भागातून उचलून तिसऱ्या भागात, दाद मागता येणाऱ्या हक्कांच्या पंक्तीत, २१-अ म्हणून नेऊन बसवला तेव्हा. जे तत्त्व खरे व्हावयाचे त्याला हे घर सोडावे लागते, असेच ना?

आस्थावान : दाखला चोख आहे, पण तो अर्धाच सांगितलात. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले. राजा गेल्यावर त्याच्या हुकुमाचे काय होते हे वारसाच्या मर्जीवर असते. प्रजेला त्या हुकुमाच्या आधाराने वारसाला जाब विचारता येत नाही. आणि ज्यांच्या हाती राजदंड नव्हता त्या गोखल्यांचे १९११ चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक सरकारी बहुमताने फेटाळले गेले, तेव्हा 'तुम्ही आपले कर्तव्य चुकत आहात' असे सरकारला ऐकवण्यासाठी त्यांच्यापाशी विवेकबुद्धीखेरीज कोणता लेख होता? आता ४५ व्या कलमाची दुसरी बाजू पाहा. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला तो कशाच्या आधारे? घटनेने दहा वर्षे सांगितली होती आणि चाळीसांवर वर्षे लोटली, या वस्तुस्थितीच्या आधारे. ती मुदत लिहिलेलीच नसती, तर ती टळली असे म्हणता आले नसते. आणि टळली असे म्हणता आले नसते, तर न्यायालयाला पुढचे पाऊल टाकण्यास जागाच नव्हती. तुम्ही अपयशाचा पुरावा म्हणून जो दस्तऐवज पुढे करता, तोच पुढे हक्काचा दस्तऐवज झाला. तत्त्व घर सोडून गेले हे खरे, पण त्या घरात ते चाळीस वर्षे जिवंत राहिले होते, म्हणूनच तेथून निघू शकले.

साशंक : चाळीस वर्षांत ज्या पिढ्या शाळेविना वाढल्या त्यांना हा युक्तिवाद ऐकवण्याचे धैर्य मला होणार नाही; पण तो बिनतोड आहे हे कबूल करतो. आता मात्र मला अशा ठिकाणी जाऊ द्या, जेथे तुमचा मतदारही हजर नसतो. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्याच्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. सहकाराला उत्तेजन देण्याचे तत्त्व घटनेत ४३-ब म्हणून २०१२ मध्ये आले, पण महाराष्ट्र सरकार ते कित्येक दशके आधीपासून भागभांडवल देऊन, कर्जाला हमी देऊन पाळत होते. अगदी आदर्श अंमलबजावणी! आता त्याच कारखान्याच्या उसाच्या फडात चला. तेथे नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू व्हावयाच्या आधी बीडच्या वाडीत मुकादम येतो आणि त्या कोयत्याला उचल देतो; हंगामभर टनामागे जी मजुरी पडेल त्यातून ती फिटावयाची, न फिटली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे बांधून राहावयाचे. पहाटे थंडीत फडात उतरावयाचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून गाडी वा ट्रक भरावयाचा, तो रात्री आला तर रात्री. आजारपणात दिवस बुडाला तर खाडा, आणि खाड्याचा दंड. बाई गरोदर असली तरी कोयता अर्धा होत नाही. कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती व प्रसूतिसाहाय्य हे ४२ वे कलम, आणि निर्वाहवेतन हे ४३ वे. एकाच शेताच्या बांधावर ४३-ब फळाफुलाला आले आणि ४२, ४३ पाचटात पडून राहिले. याचे कारण उघड आहे. कारखान्याच्या सभासदाला मत आहे, पत आहे, आमदार आहे. कोयत्याला यांतले फक्त मत आहे, आणि हंगामात निवडणूक लागली तर ते गावी राहिलेले असते. मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, हे डॉ. आंबेडकरांचे वचन या बाईच्या बाबतीत कोणी पाळावयाचे?

आस्थावान : या प्रश्नाला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही, आणि असल्याचा बहाणा मी करणार नाही. मात्र तुमच्या वर्णनातूनच दोष नेमका कोठे आहे तेही निघते. खडी फोडणाऱ्या बाईला अर्ज कोणाकडे करावयाचा ते कायद्याने सांगितले होते. कोयत्याला ते कोणी सांगितले नाही. कारखाना म्हणतो, हे मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा करार पुरा करतो. देणेकरीच ठरत नाही तेथे देणे बुडणारच. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले, पण मालक कोण या प्रश्नाचे उत्तर महामंडळ देऊ शकत नाही. ते कायद्यालाच द्यावे लागेल. तरीसुद्धा असे पाहा: मुंबई इलाख्यात प्रसूतिसाहाय्याचा कायदा १९२९ मध्ये आला तो गिरण्यांतल्या बायकांसाठी. भर शहरात, एका छपराखाली, भोंग्यावर कामाला येणाऱ्या बायकांचा मालक कोण याविषयी वाद नव्हता, म्हणून तो करता आला. फडातल्या बाईला तेच मिळावे असे आज जो कार्यकर्ता म्हणतो, तो कोणाची दया मागत नाही. ४२ व्या कलमाखाली सरकारने पत्करलेले कर्तव्य तो मागतो. दया मागणे आणि कर्तव्य मागणे यांत ताठ मानेचा फरक आहे. तो फरक भाकरी देत नाही हे मला मान्य; पण भाकरीसाठी झालेल्या कोणत्याही लढ्यात तो क्षुल्लक ठरला असे मी पाहिलेले नाही.

साशंक : मग आपले भांडण आता पहिल्यापेक्षा नेमक्या जागी आले आहे. न्यायालयात दाद हवी की नको, एवढाच तो प्रश्न नव्हे. पदपथाच्या निकालाने दाखवले की न्यायालय असूनही हात रिकामे राहतात, आणि रोजगार हमीने दाखवले की न्यायालयाविनाही बरेच साधते. प्रश्न असा आहे की, तत्त्वाला मागणारा, देणारा, मुदत आणि पैसा या चार गोष्टी कोणी जोडून द्यावयाच्या, आणि न जोडल्याबद्दल कोणाला पकडावयाचे. तुम्ही म्हणता, मतदाराने पकडावे. मी म्हणतो, मतदाराला पकडता यावे म्हणून निदान हिशेब तरी त्याच्यापुढे ठेवा. १५१ व्या कलमाप्रमाणे महालेखापरीक्षकाचे अहवाल संसदेपुढे आणि विधिमंडळांपुढे ठेवावे लागतात. अनुसूचित जातींच्या आयोगाचा अहवाल ३३८ व्या कलमाप्रमाणे ठेवावा लागतो आणि त्यातील शिफारशींवर काय केले तेही सांगावे लागते. मग ३८ पासून ५१ पर्यंतच्या प्रत्येक कलमाचे यंदा काय झाले, कोणत्यासाठी किती खर्चले, कोणते मागे ठेवले आणि का, हे सरकारने वर्षातून एकदा सभागृहापुढे मांडावे, एवढी तरतूद करण्यास कोणाची हरकत असावी? न्यायाधीशाला त्यात काहीच करावयाचे नाही. तुमच्या तत्त्वाला बाध नाही, आणि माझ्या आक्षेपाला निदान एक कागद मिळेल.

आस्थावान : हरकत नाही, भीती मात्र आहे. एक म्हणजे, ज्याचे आकडे मांडता येतात तेवढेच पाळले जाईल. बांधलेल्या शाळाखोल्या मोजता येतात. संपत्ती मूठभरांच्या हाती साचू दिली नाही हे कोणत्या रकान्यात भरणार? दुसरे म्हणजे, आपल्या कचेऱ्यांत अहवाल लिहिण्याची कला कर्तव्य करण्याच्या कलेपेक्षा फार पुढे गेली आहे. दरवर्षी एक देखणे पुस्तक छापले जाईल, पटलावर ठेवले जाईल आणि दप्तरात जाईल. आणि तिसरी भीती तुमच्याच उदाहरणातून आली आहे: फडातल्या बाईची व्यथा त्या अहवालात कोण लिहिणार, जर ती कोणाच्याच हजेरीपटावर नसेल? तरीही मी तुमच्या बाजूने हात वर करीन, कारण तत्त्व विसरले जाण्यापेक्षा त्याच्याविषयी दरवर्षी खोटे बोलावे लागणे मला बरे वाटते; खोटे पकडता येते, विस्मरण पकडता येत नाही. फक्त अहवालाने माझ्या मतदाराची जागा घेतली असे मी कधीही म्हणणार नाही.

साशंक : आणि मतदाराने पोचेवरच्या तारखेची जागा घेतली असे मी म्हणणार नाही. तुमच्या तिन्ही भीती खऱ्या आहेत, आणि पहिल्या दोहोंना माझ्यापाशी उपाय नाही. तिसरीला एकच उपाय दिसतो, तो म्हणजे अहवालाआधी कायद्याने तिचा मालक ठरवणे. पण वस्तुस्थिती तूर्त अशी आहे की, घटना अमलात आल्याला पाऊण शतक उलटून गेले. या काळात अर्थसंकल्प दरसाल मांडले गेले, लेखापरीक्षणाचे अहवाल सभागृहांपुढे येत राहिले, आणि चौथ्या भागाचा ताळेबंद मांडण्याचे बंधन मात्र केंद्रातल्या किंवा राज्यातल्या कोणत्याही सरकारवर घटनेने आजही घातलेले नाही.